ईस्टर, पास्खा, ओस्टर्न: एका सणाच्या नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला सगळ्या युरोपात ‘ईस्टर’ असेच म्हणतात का?

नाही. मराठीत हा शब्द इंग्रजीतून आला, म्हणून आपल्याला तेच या सणाचे सार्वत्रिक नाव वाटते. प्रत्यक्षात युरोपातील मोठ्या भाषांपैकी इंग्रजी आणि जर्मन या दोनच भाषांत हे नाव प्रचलित आहे. जर्मनमध्ये त्याचे रूप ‘ओस्टर्न’ असे आहे. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, डच, डॅनिश, स्वीडिश, वेल्श, आयरिश, ग्रीक, रोमानियन, अल्बेनियन, बास्क आणि रशियन या भाषांमध्ये एका वेगळ्याच मूळ शब्दाची रूपे आढळतात. उरलेल्यांपैकी अनेक भाषांनी परका शब्द न घेता स्वतःच्याच शब्दांतून नाव घडवले. त्यामुळे ‘ईस्टर’ या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून सणाच्या उगमाविषयी निष्कर्ष काढणे म्हणजे अपवादालाच नियम मानणे होय.

मग बहुतेक भाषांतील नावाचा मूळ शब्द कोणता?

हिब्रू भाषेतील ‘पेसाह’. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेच्या स्मरणार्थ ज्यू लोक वसंत ऋतूत जो सण पाळतात, त्याचे हे नाव आहे. बायबलमधील निर्गमच्या पुस्तकातील कथेनुसार, ज्या घरांच्या दारांना कोकराचे रक्त लावले होते ती घरे ओलांडून मृत्यू पुढे गेला, आणि या ओलांडण्याशीच सणाचे नाव जोडले जाते. हिब्रू ‘पेसाह’चे अरामी भाषेतील रूप ‘पास्खा’ असे होते. येशूच्या काळात पॅलेस्टाइनमधील सामान्य ज्यूंची बोलण्याची भाषा अरामीच होती. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर ख्रिस्तपूर्व काळात झाले, तेव्हा भाषांतरकारांनी हे अरामी रूप तसेच ग्रीक लिपीत उतरवले.

शुभवर्तमानांनुसार येशूला क्रुसावर दिले गेले ते याच सणाच्या दिवसांत, जेरुसलेममध्ये. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी म्हणूनच आपल्या वार्षिक उत्सवासाठी नवे नाव शोधले नाही आणि जुनेच नाव नव्या अर्थाने वापरले. हा उत्सव ज्यू पंचांगातील निसान महिन्याच्या 14 तारखेलाच पाळावा की त्यानंतरच्या रविवारी, यावर दुसऱ्या शतकात मोठा वाद झाला, आणि इ.स. 325 मध्ये नायकिया येथील परिषदेने सर्वांनी एकाच रविवारी तो पाळावा असे ठरवले. तारखेवरून इतके भांडण होऊनही सणाच्या नावाबद्दल कोणी हरकत घेतल्याचे दिसत नाही.

‘पास्खा’चा अर्थ ‘दुःख भोगणे’ असा होतो, हे खरे आहे का?

खरे नाही, पण ही समजूत फार जुनी आहे. ग्रीक भाषेत ‘पास्खेन’ या क्रियापदाचा अर्थ ‘सोसणे, यातना भोगणे’ असा होतो, आणि येशूच्या यातनांचे स्मरण करणाऱ्या सणाचे नाव ‘पास्खा’ असल्यावर ग्रीक श्रोत्याच्या मनात दोन्हींची सांगड बसणे स्वाभाविक होते. आजच्या तुर्कस्तानातील सार्दिस या नगरीचा बिशप मेलितो याने दुसऱ्या शतकातच आपल्या प्रवचनात ही व्युत्पत्ती उघडपणे मांडली आहे. पुढे ऑगस्टीन या लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या ख्रिस्ती धर्मपंडिताने ती चुकीची ठरवली. हा शब्द ग्रीक नसून हिब्रू आहे आणि त्याचा अर्थ ‘पलीकडे जाणे’ असा आहे, असे त्याने स्पष्ट लिहिले. स्वतः ऑगस्टीनला हिब्रू येत नव्हते, तरीही या बाबतीत तो बरोबर होता.

लॅटिनमधून आलेल्या भाषांमध्ये या शब्दाची रूपे एकमेकांपेक्षा इतकी वेगळी कशी?

ग्रीकमधून लॅटिनमध्ये हा शब्द ‘पास्खा’ म्हणूनच आला, परंतु लोकांच्या तोंडी त्याची गाठ दुसऱ्या एका लॅटिन शब्दाशी पडली. ‘पास्कुआ’ म्हणजे गुरे चरण्याची कुरणे. ध्वनीत इतके साम्य होते, आणि चाळीस दिवसांचा उपवास संपून खाण्यापिण्याला मोकळीक मिळण्याचा हा दिवस असल्याने अर्थही थोडाफार जुळत होता. इटालियनमधील ‘पास्क्वा’, स्पॅनिशमधील ‘पास्कुआ’ आणि पोर्तुगीजमधील ‘पाश्कोआ’ या रूपांत मूळ शब्दात नसलेला ‘उ’ किंवा ‘ओ’ शिरला, तो याच मिश्रणातून. फ्रेंचमध्ये ‘स’ कालांतराने गळून गेला आणि उच्चार ‘पाक’ एवढाच उरला. लेखनात मात्र ‘अ’वर टोपीसारखे चिन्ह देऊन त्या हरवलेल्या ‘स’ची आठवण ठेवली जाते. रोमानियनमध्ये ‘पाश्ते’ असे रूप आहे.

स्पॅनिशमध्ये या शब्दाची व्याप्ती विलक्षण वाढली. तेथे ‘पास्कुआ’ हे कोणत्याही मोठ्या धार्मिक सणाचे नाव होऊ शकते. नाताळ ही एक ‘पास्कुआ’ आणि पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अवतरणाचा सण, ही दुसरी. नाताळातल्या शुभेच्छाही ‘फेलिसेस पास्कुआस’ अशा दिल्या जात. स्पॅनिश सत्तेबरोबर हा शब्द फिलिपीन्समध्ये गेला आणि तेथील टागालोग भाषेत ‘पास्को’ म्हणजे चक्क नाताळ झाला. पुनरुत्थानाचा सण सांगायचा असल्यास त्यापुढे ‘पुन्हा जिवंत होण्याचा’ अशा अर्थाचे शब्द जोडावे लागतात. वसंतातील ज्यू सणाचे नाव डिसेंबरमधील ख्रिस्तजन्माला लागावे, इतका लांबचा प्रवास फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आला असेल.

आयरिश भाषेतील नाव ‘क’ने का सुरू होते?

आयरिशमध्ये या सणाला ‘काश्क’ म्हणतात, आणि तो शब्दही ‘पास्खा’च आहे. पाचव्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती धर्म आयर्लंडमध्ये पोहोचला, तेव्हा तेथील भाषेत ‘प’ हा ध्वनीच नव्हता. ब्रिटनमधून आलेल्या शब्दांतील ‘प’च्या जागी आयरिश लोक ‘क’ उच्चारत. जांभळ्या रंगासाठीचा लॅटिन ‘पुर्पुरा’ हा शब्द तेथे ‘कोर्कुर’ झाला, आणि संत पॅट्रिकचे लॅटिन नाव ‘पात्रिकियुस’ याचे एक जुने आयरिश रूप ‘कोथ्रिगे’ असे सापडते. नंतरच्या काळात भाषेने ‘प’ आत्मसात केला आणि नव्याने आलेल्या शब्दांत तो टिकला. म्हणजे ‘काश्क’मधला ‘क’ हाच, सणाचे नाव अगदी पहिल्या लाटेबरोबर आले याचा पुरावा आहे. शेजारच्या वेल्श भाषेत ‘प’ आधीपासून होता, त्यामुळे तेथे ‘पास्ग’ असे सरळ रूप राहिले.

जर्मन भाषेच्या सख्ख्या बहिणींमध्ये ‘ओस्टर्न’ का नाही?

डचमध्ये ‘पासेन’, नेदरलँड्सच्या उत्तरेकडील फ्रिसियनमध्ये ‘प्यास्के’, डॅनिश आणि नॉर्वेजियनमध्ये ‘पोस्के’, स्वीडिशमध्ये ‘पोस्क’ आणि आइसलँडिकमध्ये ‘पाउस्कार’ अशी नावे आहेत. ही सगळी जर्मानिक कुळातीलच, पण सणाचे नाव त्यांनी ‘पास्खा’वरून घेतले. चौथ्या शतकात गॉथ लोकांचा बिशप वुल्फिला याने गॉथिक भाषेत बायबलचे भाषांतर केले, त्यातही ‘पास्का’ हाच शब्द आहे. त्यामुळे ‘ईस्टर’ हे जर्मानिक लोकांचे मूळ नाव होते आणि ‘पास्खा’ नंतर वरून लादले गेले, अशी मांडणी टिकत नाही. खुद्द जर्मनीतही वायव्येकडील आणि कोलोनच्या परिसरातील बोलींमध्ये ‘पास्खा’पासून बनलेली नावे टिकून राहिली.

इंग्लंडमधूनही हा शब्द पूर्णपणे नाहीसा झाला नाही. उत्तर इंग्लंडमध्ये या सणाच्या रंगीत अंड्यांना ‘पेस एग्ज’ म्हणतात, आणि त्यातील ‘पेस’ म्हणजे ‘पास्खा’च.

मग ‘ईस्टर’ हा शब्द आला कोठून?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी जुन्या काळातील एकच साक्षीदार आहे. नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधील तत्कालीन राज्यातील जॅरो येथील मठात राहणाऱ्या बीड या विद्वान संन्याशाने इ.स. 725 मध्ये कालगणनेवर एक ग्रंथ लिहिला. पंचांग हा त्याच्या आस्थेचा विषय होता, आणि त्याला कारणही होते: 664 मध्ये व्हिटबी येथील धर्मसभेत नॉर्थम्ब्रियाच्या राजाने या सणाची तारीख ठरवण्याची रोमन पद्धत स्वीकारली होती. ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात बीड आपल्या पूर्वजांच्या महिन्यांची नावे सांगतो. साधारण एप्रिलशी जुळणाऱ्या महिन्याला ते ‘इओस्तुर्मोनाथ’ म्हणत. इओस्त्रे नावाच्या देवीवरून हे नाव पडले, त्या महिन्यात तिचे उत्सव होत, आणि आता लोक नव्या विधीचा आनंद जुन्या नावानेच साजरा करतात, असे तो नोंदवतो.

बीडचे विधान एवढेच आहे. देवीचे रूप कसे होते, तिच्या कथा कोणत्या, तिला काय वाहिले जाई, यांपैकी कशाचाही उल्लेख तो करत नाही. ससा नाही आणि अंडीही नाहीत. या सणात अंडी आणणारा ससा लिखित स्वरूपात प्रथम भेटतो तो सतराव्या शतकातील जर्मन प्रदेशांत, म्हणजे बीडनंतर साडेनऊशे वर्षांनी. देवीशी त्याचे नाते तर एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी तर्काने जोडले.

इओस्त्रे नावाची देवी खरोखर पूजली जात होती का, की बीडने ती कल्पनेने उभी केली?

दोन्ही बाजूंनी युक्तिवाद झाले आहेत. संशय घेणारे म्हणतात की दुसऱ्या कोणत्याही जुन्या ग्रंथात या देवीचा उल्लेख नाही, आणि महिन्याच्या नावाचे स्पष्टीकरण देण्यासाठी बीडने अंदाजाने देवी गृहीत धरली असावी. उलट बाजूचा मुद्दा असा की बीड हा कट्टर ख्रिस्ती संन्यासी होता, आपल्या सर्वांत पवित्र सणाच्या नावामागे एक मूर्तिपूजक देवी विनाकारण उभी करण्यात त्याचा काहीच लाभ नव्हता.

1835 मध्ये जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम याने जर्मन पुराणकथांवरील आपल्या ग्रंथात बीडवर विश्वास ठेवला आणि जर्मन ‘ओस्टर्न’वरून ‘ओस्तारा’ नावाची जर्मन देवी तर्काने सिद्ध केली. ‘ओस्तारा’ हे नाव कोणत्याही प्राचीन लेखात सापडत नाही. ग्रिमने ते भाषाशास्त्राच्या आधारे बांधले होते, तरी पुढच्या लोकप्रिय लेखनात ते जणू शिलालेखावरूनच वाचले असावे अशा थाटात वावरू लागले. मात्र 1958 मध्ये जर्मनीतील ऱ्हाइनलँडमध्ये मोर्केन-हार्फ येथे दीडशेहून अधिक रोमनकालीन नवसाचे लेख सापडले, आणि ते ‘ऑस्ट्रियाहेनाए’ नावाच्या मातृदेवतांना उद्देशून होते. या नावातही तोच धातू दिसतो. त्याने इओस्त्रेचे अस्तित्व सिद्ध होत नसले, तरी तशा नावाची स्थानिक देवता असणे अशक्य नव्हते, इतके नक्कीच म्हणता येते. माझे मत बीडच्या बाजूला झुकते, पण एका परिच्छेदावर संपूर्ण पूजापद्धती उभारण्याला मात्र आधार नाही.

देवीशिवाय स्पष्टीकरण देणारा एक चतुर सिद्धान्तही विसाव्या शतकात पुढे आला. सणानंतरच्या आठवड्यात नव्याने बाप्तिस्मा घेतलेले लोक पांढरी वस्त्रे घालत, त्यामुळे लॅटिनमध्ये त्या दिवसांचे नाव ‘पांढऱ्या’साठीच्या ‘अल्बा’ या शब्दावरून पडले होते. लोकभाषांमध्ये ‘अल्बा’चा अर्थ ‘पहाट’ असाही होतो, म्हणून जर्मन भाषांतरकारांनी चुकून ‘पहाटा’ असे अनेकवचन केले, आणि त्याचेच ‘ओस्टर्न’ झाले, असे हा सिद्धान्त सांगतो. मांडणी आकर्षक आहे, परंतु बीडचे विधान बाजूला सारण्याइतके बळ तिच्यात नाही.

‘ईस्टर’ आणि आपली ‘उषा’ यांचा संबंध आहे, असे म्हणतात. ते कितपत खरे?

शब्दांच्या पातळीवर हा संबंध भाषाशास्त्राला मान्य आहे. पहाट किंवा उजाडणे या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून संस्कृत ‘उषस्’, ग्रीक ‘एओस’, लॅटिन ‘ऑरोरा’ आणि लिथुआनियन ‘आउश्रा’ हे शब्द निघाले. पूर्व दिशेसाठीचा इंग्रजी ‘ईस्ट’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे, आणि ‘ईस्टर’ त्याच्या शेजारचा. मात्र शब्दांचे नाते म्हणजे सणांचे किंवा देवतांचे नाते नव्हे. ऋग्वेदातील उषेची सूक्ते आणि नॉर्थम्ब्रियातील एप्रिल महिना यांच्यामध्ये हजारो वर्षे आणि हजारो मैल आहेत, म्हणून ‘ईस्टर म्हणजे आपलाच उषेचा उत्सव’ अशी समाजमाध्यमांवर फिरणारी विधाने गांभीर्याने घेऊ नयेत.

‘ईस्टर’ हे नाव बॅबिलोनच्या इश्तार देवीवरून आले, हा दावा बरोबर आहे का?

बरोबर नाही. हा दावा लोकप्रिय झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अलेक्झांडर हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाच्या लेखनामुळे. कॅथलिक पंथाच्या सगळ्या चालीरीती बॅबिलोनच्या आहेत असे दाखवणे हा त्याचा हेतू होता. इश्तार हे नाव सेमिटिक भाषाकुळातील आहे, तर ‘ईस्टर’ हे जर्मानिक. दोन्हींचा उच्चार आजच्या इंग्रजीत जवळचा वाटतो, पण जुन्या इंग्रजीत ‘एआस्त्रे’ असे म्हटले जाई आणि तेव्हा हे साम्य फारसे ऐकूही येत नव्हते. शिवाय बहुतेक ख्रिस्ती भाषांमध्ये ‘ईस्टर’ हा शब्दच नसल्यामुळे, तो इश्तारवरून आला असता तरी सणाविषयी त्यातून काहीच सिद्ध झाले नसते.

हे नाव जर्मनीत कसे रुजले?

एक प्रबळ मत असे आहे की आठव्या शतकात बोनिफेस आणि इतर अँग्लो-सॅक्सन धर्मप्रचारक मध्य आणि दक्षिण जर्मनीत गेले आणि त्यांनी आपल्या बोलीतील नाव सोबत नेले. ज्या भागांत त्यांचा प्रभाव कमी होता तेथे ‘पास्खा’ टिकले, या निरीक्षणाने या मताला पुष्टी मिळते. दुसऱ्या मतानुसार नाव जर्मनीतही मुळातच होते. फ्रँक सम्राट शार्लमेन याचा चरित्रकार आइनहार्ड सांगतो की सम्राटाने महिन्यांना स्वभाषेतील नावे दिली आणि एप्रिलला ‘ओस्तार्मानोथ’ म्हटले. ही नोंद मात्र दोन्ही मतांना सोयीची आहे, त्यामुळे तिच्या बळावर निकाल लागत नाही.

ज्यू सण आणि ख्रिस्ती सण यांची नावे इंग्रजीत वेगळी कधी झाली?

सोळाव्या शतकात. बहुतेक भाषांत आजही दोन्ही सणांना जवळपास एकच शब्द वापरला जातो. इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडेल याने नव्या करारात ज्यू सणालाही ‘ईस्टर’ म्हटले होते. 1530 मध्ये जुन्या कराराची पहिली पाच पुस्तके प्रसिद्ध करताना मात्र त्याने ‘ओलांडून जाणे’ या अर्थाचा ‘पासओव्हर’ हा नवा शब्द घडवला. 1611 च्या राजा जेम्सच्या भाषांतरात सगळीकडे ‘पासओव्हर’ आले, फक्त प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एका ठिकाणी जुना ‘ईस्टर’ राहून गेला आणि त्यावर आजवर वाद होत आले आहेत.

स्लाव्ह भाषांमध्ये काय म्हणतात?

येथे तीन प्रकार दिसतात. बल्गेरियन, युक्रेनियन आणि बेलारूसी भाषांत ‘मोठा दिवस’ या अर्थाची नावे आहेत, उदाहरणार्थ बल्गेरियन ‘वेलिकदेन’. पोलिश ‘व्येल्कानोत्स’, चेक ‘वेलिकोनोत्से’ आणि स्लोव्हेनियन ‘वेलिका नोच’ यांचा अर्थ मात्र ‘मोठी रात्र’ असा आहे, आणि ही रात्र म्हणजे शनिवारी अंधार पडल्यावर मेणबत्त्या पेटवून केलेल्या जागरणाची. दिवसवाले प्रामुख्याने पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेचे आणि रात्रवाले रोमकडे पाहणारे, अशी ढोबळ विभागणी करता येते. सर्बियन आणि क्रोएशियन ‘उस्कर्स’ हा तिसरा प्रकार असून त्याचा अर्थ थेट ‘पुनरुत्थान’ आहे.

रशियनने ग्रीक ‘पास्खा’ घेतला. पण पुनरुत्थानाचा शब्दही तेथे वाया गेला नाही, तो प्रत्येक आठवड्यात उच्चारला जातो. रशियनमध्ये रविवारचे नावच ‘वस्क्रेसेन्ये’ आहे. रविवारचे जुने नाव ‘नेदेल्या’ आता संपूर्ण आठवड्यासाठी वापरतात.

काही भाषांत नाव उपवास सोडण्यावरून पडले आहे, ते कोणत्या?

हंगेरियन ‘हूशवेत’ म्हणजे ‘मांस घेणे’. एस्टोनियनमधील ‘लिहावोटेद’ या नावाचा अर्थही नेमका हाच. फिनिश ‘पॅसियाइनेन’ हे ‘सुटणे, मोकळे होणे’ या क्रियापदावरून बनले आहे आणि त्यात उपवासातून होणारी सुटका अभिप्रेत मानली जाते. चाळीस दिवस मांस वर्ज्य केलेल्या शेतकऱ्याच्या घरात या दिवसाची सर्वांत ठळक खूण पानात पडणारे मांस हीच होती. धर्मशास्त्राने दिलेल्या नावांपेक्षा मला ही नावे अधिक बोलकी वाटतात.

माल्टामध्ये या सणाला ‘ईद’ म्हणतात, हे खरे का?

होय. माल्टीज ही अरबीतून उत्क्रांत झालेली आणि रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे, आणि तिचे बहुसंख्य भाषक कॅथलिक आहेत. त्यांच्या या सणाचे नाव ‘ल-ईद इल-क्बीर’, म्हणजे ‘मोठी ईद’, असे आहे. अरबीत ‘ईद’चा अर्थ केवळ ‘सण’ असा होतो आणि अरबी बोलणारे ख्रिस्तीही आपल्या सणांसाठी हाच शब्द वापरतात.

या नावावरून ठिकाणांची नावेही पडली आहेत का?

दोन प्रसिद्ध आहेत. 1513 च्या वसंतात हुआन पोन्से दे लेओन अमेरिकेच्या एका किनाऱ्यावर पोहोचला. स्पॅनिशमध्ये या सणाला ‘पास्कुआ फ्लोरिदा’, म्हणजे ‘फुलांचा पास्कुआ’, असेही म्हणत. त्यावरून त्या भूमीला फ्लोरिडा हे नाव मिळाले. 1722 मध्ये 5 एप्रिल रोजी, ईस्टरच्या रविवारी, याकोब रोखेवेन हा डच खलाशी पॅसिफिक महासागरातील एका बेटापाशी आला. ते आज ईस्टर बेट म्हणून ओळखले जाते, पण तेथील रहिवासी त्याला रापा नुई म्हणतात.

मराठी आणि कोकणीत हा मूळ शब्द कोठे सापडतो का?

गोव्यात कोकणी ख्रिस्ती समाज या सणाला ‘पास्कांचें फेस्त’ म्हणतो. त्यातील ‘पास्क’ हा पोर्तुगीज ‘पाश्कोआ’मार्गे आलेला तोच शब्द आहे. मराठी बायबलमध्ये ज्यू सणासाठी ‘वल्हांडण’ असा शब्द योजला आहे. भाषांतरकारांनी ‘ओलांडणे’ ही कल्पना मराठीतून मांडली, म्हणजे टिंडेलने इंग्रजीत जे केले तेच.

कोकणातील बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाने तर वेगळीच वाट धरली होती. हिब्रू नावांचा परिचय पुन्हा होण्यापूर्वी त्यांच्या सणांना मराठी नावे होती. नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हणत, पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत, आणि पेसाहचे नाव घरातील आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्यावरून पडले होते, कारण आंबवलेले पदार्थ त्या दिवसांत वर्ज्य असत.